चौकीवर परत कोण येणार?

आठ दिवस! आठ दिवसांसाठी काढलं हो मला ग्रुपातनं, आणि काढलं कुणी, तर ऋतुराजनं, माळशिरसच्या, ज्याला मी रोज सकाळी साडेसहाला जय भीम घालतो आणि तो मला उसाच्या फडातनं हात जोडलेलं चित्र पाठवतो... बरं, काढलं तर काढलं, पण कधी? याच आठवड्यात यादी लागणार, चोवीस वर्षं ज्याची वाट बघितली त्या मालिकेत परत कोण कोण येणार ते जाहीर होणार, आणि नेमका आत्ताच यशपाल बनसोडे बाहेर. भरल्या पानावरनं उठवल्यासारखं! तीन दिवस झाले, पाच राहिले, आता बोलू कुणाशी? म्हणून तुमाला सांगतो, बसा की जरा, कुटं निघालात लगेच.

तर 'घाटातली चौकी'. आठवती का? शनिवारी संध्याकाळी लागायची, सव्वीस भाग. एक घाट, घाटात पोलीस चौकी, कायम धुकं, दर आठवड्याला एक गाडी येऊन थांबायची, तिच्यातनं एक माणूस उतरायचा आणि तो कुणाला तरी हुडकत असायचा. चौकीत मिशीवाला हवालदार, बाजूला चहाची टपरी, टपरीवर नर्मदा. आणि शेवटच्या भागात ही नर्मदा हातात कंदील घेऊन धुक्यात गेली... आणि संपली की हो मालिका! कुटं गेली, का गेली, काय न्हाय, खाली नावं पळाय लागली. मी आणि आमची रेश्माची आई, म्हणजे कीर्ती, दोघंबी टीव्हीपुढं तसेच बसून राहिलो, पुढच्या बातम्या संपल्या तरी. मी तवा टपालात सॉर्टिंगला होतो. आठवडाभर पोस्टकार्डांचा नुसता ढीग, सगळी त्या मालिकावाल्यांना. आता तुमी म्हणाल, दुसऱ्याची कार्डं वाचायची का? अहो, डोळे मिटून सॉर्टिंग होत न्हाय! सगळ्यांचं म्हणणं एकच, नर्मदा येणार की न्हाय येणार, एवढंच सांगा.

आता चोवीस वर्षांनी ती मालिका परत येतीय, मोबाईलवर, नव्या भागांत. त्यासाठी आमचा ग्रुप, 'चौकीवाले', दोनशे बारा माणसं. कराडचा एक हाय, नांदेडचे चार, एक दुबईत बसून धुक्यावर बोलतो. धंदा एकच, जुन्यातलं कोण परत येणार. हवालदार झालेल्या नटानं मिशी वाढवली, बास, ऋतुराज म्हणला येणार. दुसरा म्हणला, ही मिशी पांढरी हाय, चौकीतली काळी होती. तिसऱ्यानं त्या नटाचे तीन वर्षांचे फोटो मांडले, मिशी महिन्यावारी! अहो, माणूस आळसानं पण मिशी वाढवतो की, मी रिटायर झाल्यावर वाढवली, तवा मला काय कुणी मालिकेत घेतलं होतं का? नर्मदा झालेल्या बाई कुटल्याशा कार्यक्रमात निळी साडी नेसून आल्या, नर्मदाचं लुगडं निळं, झालं... दोन दिवस आमी निळ्यावर. हे निळं ते निळं का? एकजण म्हणला फोटोतला उजेड वेगळा हाय. मी म्हणलो, बाबांनो, बाईंना फोन करून विचारा की, येणार की न्हाय येणार. तर म्हणत्यात, काका, मग ग्रुप कशाला?

आणि ग्रुपाचा नियम लई कडक. पुराव्याबिगर बातमी टाकायची न्हाय, आणि खोटा पुरावा टाकला तर आठ दिवस बाहेर. पुरावा तपासणार फिरदोस मॅडम. हितल्याच हायत, सोलापूरच्या, शाळेत गणित शिकवत्यात, मी कधी भेटलो न्हाय पण बाई फोटो बोटांनी असा ताणून बघती की फोटोतल्या माणसाला घाम फुटावा. हवालदाराच्या मागच्या कॅलेंडरावरची तारीख वाचून तिनं एक बातमी पाडली होती, फोटो चार वर्षांपूर्वीचा निघाला. मला लई आवडलं होतं ते. दुसऱ्याची पडताना बघायला बरं वाटतं माणसाला.

आता ग्रुपात सगळ्यात जास्त कोण बोलतं? मी. खोटं कशाला बोलू. कुणी काय टाकलं की मिनिटात माझं उत्तर. कारण जुळे सोलापूरच्या त्या फ्लॅटात दुसरं हाय काय? दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. शेजारची दोघं नोकरीवाली, त्यांच्या तोंडापेक्षा त्यांचं कुलूप माझ्या जास्त ओळखीचं झालंय. एक दिवस तर काय झालं, सकाळपासनं चार वाजेपर्यंत माझ्या तोंडातनं एक शब्द गेला नव्हता, मग मी गॅसचा नंबर लावला, तितली ती रेकॉर्डवरची बाई म्हणली, 'सिलिंडर नोंदणीसाठी एक दाबा', आणि मी तिला म्हणलो, 'दाबतो की, बाई'. मग माझं मलाच हसू आलं, आणि मग न्हाय आलं.

तर या फिरदोस मॅडमनी एकदा विचारलं, काका, तुम्ही एवढं लगेच उत्तर देता, घरी कोण कोण असतं? मी सांगितलं, मी असतो, मिसेस पुण्याला असती, मुलीकडं, दुसऱ्या बाळंतपणाला तीन महिने म्हणून गेली. त्यांनी विचारलं, किती झाले? मी म्हणलो, दोन वर्षं चार महिने. मग ग्रुप जरा गप्पच झाला. मला ते गप्प होणं आवडलं न्हाय, म्हणून मी लिहिलं, येणार हाय ती, लवकरच. आणि लगेच, मिनिटात, मॅडमचं उत्तर, 'काका, पुरावा?'

आता सांगा! माझी बायको, माझं घर, आणि पुरावा मी द्यायचा? पण नियम म्हणजे नियम, आणि आपण काय खोटं बोलत होतो का? मी उठलो, कपाट उघडलं, अकरा साड्या, फोटो काढला. तिचा जुना चष्मा, फोटो. स्वयंपाकघरातलं फडताळ उघडलं, डब्यांची रांग, फोटो. टाकले तिन्ही. म्हणलं, एवढा संसार ठेवून बाई जाती कुटं? ऋतुराज खूश, टाळ्या वाजवल्या त्यानं. दुबईवाला म्हणला, साड्या पक्का पुरावा. आणि पाच मिनिटांनी मॅडमनी माझं फडताळ ताणलं. लिहिलं, काका, वरून दुसऱ्या फळीवर धुळीत तीन गोल दिसतायत, तिथले डबे कुठं गेले?

मी जाऊन बघितलं. खरंच की, तीन गोल. तिखटाचा डबा, शेंगाचटणीची बरणी, पितळी मसाल्याचा डबा. मग शोधाय लागलो तर छोटा तवा न्हाय, उलथनं न्हाय, तिचं ते बुटकं पोळपाट न्हाय. म्हणजे कसं, मधी ती येऊन जायची, न्हाय असं न्हाय, चार-पाचदा आली, कधी दोन दिवस, कधी तीन, मॅडम त्याला येणं म्हणत न्हाईत, विशेष उपस्थिती म्हणत्यात... तर प्रत्येक वेळी जाताना एकदोन वस्तू नेत होती, आणि मला, सॉर्टिंगला तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला, पत्ता न्हाय. मी तसं ग्रुपात कबूल केलं. मॅडमनी लिहिलं, 'काका, माफ करा, पण माणूस तात्पुरता जातो तेव्हा कपडे नेतो. कायमचा जातो तेव्हा डबे नेतो.' दोन दिवस मला जेवण गेलं न्हाय हो.

पण ग्रुपाला चेव आला. मिशी बाजूला, निळी साडी बाजूला, आमची कीर्ती मधी! ऋतुराजनं मतदान लावलं, 'काकू परत येणार का?' येणार म्हणणारे एकशे अठरा, न्हाय म्हणणारे एकसष्ट, बाकीचे कुंपणावर. त्या एकसष्टांची नावं मी चष्मा लावून वाचली. एक तो कराडचा. ज्यानं आमच्या घरचं पाणी प्यायलेलं न्हाय, कीर्तीचा साधा फोटो बघितलेला न्हाय, तो म्हणतो, काकू येत नाहीत! अरे, तुला काय ठाऊक रे काकू? मी त्याला एवढं मोठं पत्र लिहिलं, लग्न कसं झालं, रेश्मा झाली तवा कीर्तीनं कसं निभावलं, मी आजारी पडलो तवा दवाखान्यात बाकावर कशी बसून राहिली, सगळं. तो बिचारा म्हणला, काका, मी मत बदलतो. मग साठ झाले.

तुमी म्हणाल, मग तुमीच का जात न्हाय पुण्याला? गेलो होतो की! आठ दिवस राहिलो. हॉलमधी, सोफ्यावर. जावई उजाडायच्या आत कामाला निघायचा, बिचारा चांगला माणूस, मला जाग येऊ नये म्हणून लाईट लावायचा न्हाय, अंधारात बूट घालायचा, आणि रोज टीपॉयला गुडघा आपटून घ्यायचा आणि शिवी गिळायचा. माणसाला दुसऱ्यानं गिळलेली शिवी ऐकू येती हो. आणि हितं पाणी असतंय, चार दिवसाआड येतं, टाकी भरून घ्यावी लागती, मी गेलो तर पाणी कोण भरणार? हे मी कीर्तीला सांगितलं, रेश्माला सांगितलं, जावयाला पण सांगितलं. पुरावा भक्कम हाय माझा.

तर मागच्या आठवड्यात कीर्तीचा फोन. जेवलात का, जेवलो, पोरं कशी हायत, बरी हायत, आणि ठेवता ठेवता विचारती काय, 'आता आपल्याकडं पाणी कुटल्या वारी येतंय?' बघा! आपल्याकडं! आणि वार कशाला पायजे? ज्याला दोन दिवसांत जायचंय तो वार विचारंल का? मी ग्रुपात टाकलं, आणि काय उसळला ग्रुप... हवालदाराच्या मिशीला एवढं उधाण आलं नव्हतं. मॅडमनी पण लिहिलं, पुरावा ग्राह्य धरण्यासारखा आहे. आणि तिसऱ्या दिवशी कीर्तीनं कळवलं, शुक्रवारी येते.

मी घर धुतलं. पडदे धुतले, चादरी धुतल्या, टाकीतलं पाणी संपलं तर शेजाऱ्यांचं कुलूप उघडेपर्यंत जिन्यात बसून राहिलो आणि दोन बादल्या मागून घेतल्या. कडक भाकरी आणली, शेंगाचटणी आणली, त्या तीन गोलांवर नवे डबे आणून ठेवले. ग्रुपात मिनिटामिनिटाची बातमी. गाडी कुर्डुवाडीला आली, मोहोळ सुटलं, पाच मिनिटं उशीर हाय. दुबईवाल्यानं काम टाकून मोबाईल धरला होता. अहो, एवढी माणसं माझ्याबरोबर स्टेशनावर कधी आली नव्हती, आमच्या वरातीला पण न्हाय.

गाडी लागली, कीर्ती उतरली. खांद्याला पर्स आणि हातात एक कापडी पिशवी. बास. मी तिच्या मागं बघतोय, अजून काय उतरतंय का, तर काय न्हाय. ती म्हणली, कुणाला हुडकताय? तेवढ्यात खिशात मोबाईल वाजला, फिरदोस मॅडम, 'काका, बॅग केवढी?'

आता तुमीच सांगा, काय लिहू? दोनशे माणसं माना वर करून बसल्यात. पिशवी लिहू? माझं डोकंच चालंना. शेजारी एक बॅग उभी होती, लाल, चाकाची, फुगून टम्म झालेली, बॅगवाला पाण्याच्या नळाकडं गेला होता. कीर्तीला म्हणलं, तू हो पुढं, रिक्षा बघ. आणि काढला फोटो, आणि टाकला, आणि खाली लिहिलं, 'मोठी'. काय झालं ग्रुपात! ऋतुराजनं माळशिरसला पेढे वाटतो म्हणून सांगितलं. मला इतकं बरं वाटलं, की क्षणभर मलाच वाटलं बॅग आमचीच हाय, मी दांडीला हात पण लावला, तर तो माणूस नळाकडनं ओरडत आला.

रिक्षात बसेपर्यंत मॅडमचं उत्तर आलं होतं. त्यांनी दांडीला अडकवलेली चिठ्ठी ताणून वाचली होती. 'काका, बॅगेवर अमरेश, अक्कलकोट असं लिहिलंय.' पुढं काय न्हाय. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ऋतुराजचा फोन, काका, मला लई वाईट वाटतंय, पण नियम सगळ्यांना सारखा, आठ दिवसच हायत. कीर्ती शेजारी बसलेली, म्हणली कुणाचा फोन? मी म्हणलो, माळशिरसचा, ऊस कमी पडलाय म्हणतोय.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मोबाईल गप. मी सारखा खिशात हात घालून काढतोय. तिला वाटलं माझं दुखतंय काहीतरी. रविवारी सकाळी चहा केला तिनं, पुढ्यात बसली, म्हणली, मोबाईल का बघत न्हाय, बरं न्हाय का तुमाला? मग मी सगळं सांगितलं. लपवून ठेवाय येत न्हाय मला, बॅगेचं पण जमलं न्हाय बघितलंत की. ग्रुपातनं काढलं तरी जुनं लिहिलेलं दिसतं, ते दिलं तिच्या हातात. ती वाचाय लागली. मिशीला हसली. कराडच्याला लिहिलेलं पत्र वाचून तर तोंडाला पदर लावून हसली, म्हणली, बाकावर मी न्हाय, माझा भाऊ बसला होता. मग डब्यांचं आलं. तितं थांबली. मग मतदान बघितलं, नावं न्हाय वाचली, नुसते आकडे. मोबाईल ओट्यावर ठेवला.

"दोनशे माणसांना विचारलंत," ती म्हणली. "मला एकदा तरी विचारायचं होतं."

खरंच होतं. दोन वर्षं चार महिने, रोज फोन, जेवलीस का, पाणी आलं, पोरं बरी हायत का, धाकटं चालाय लागलं का... येणार की न्हाय येणार, एवढंच विचारायचं राहिलं होतं. राहिलं म्हणजे काय, ठेवलं होतं. विचारलं की उत्तर येतं हो. कराडच्यानं 'न्हाय' म्हणलं तर त्याच्याशी भांडता येतं, हिच्याशी कसं भांडणार?

तरी विचारलं. म्हणलं, मग आता विचारतो. येणार का?

तिनं कप धुतला. मग धुतलेला कप परत धुतला. म्हणली, जाताना मी म्हणले होते, चला बरोबर, तुमी म्हणलात पाणी कोण भरंल. अवो, तुमी हितं नसलात तर पाणी लागणार कुणाला? हे काय मला सुचलं नव्हतं असं न्हाय, पण दुसऱ्यानं बोललं की फार वाईट दिसतं. मग म्हणली, तितं मला तरी बोलायला कोण हाय, रेश्मा कामाला, थोरली शाळेत, धाकटं दुपारी झोपलं की मी गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजते. थोरली, म्हणजे आमची संबोधी, सात वर्षांची, दर शनिवारी विचारती, आजोबा आले का, आणि मी सांगते, पुढच्या शनिवारी. आणि मी समजत होतो, येणार की न्हाय विचारणारा ग्रुप फक्त माझ्याकडंच हाय.

मी म्हणलो, तू राहा की हितंच. ती म्हणली, तुमी चला की तितंच. मी म्हणलो, सोफा... ती म्हणली, पोरं... आणि मग दोघंबी बंद टीव्हीपुढं तसेच बसून राहिलो, चांगले अर्धा तास.

आज सकाळी गाडीत बसवून आलो. गाडी हलल्यावर खिडकीतनं एवढंच म्हणली, वेळेवर जेवा. गाडी गेली, फलाट रिकामा झाला, मी तितंच बाकावर बसलो, घाई कशाची होती? आणि मोबाईल वाजला. मला वाटलं, ऋतुराजनं माफ केलं. तर पुण्याचा नंबर, संबोधी. म्हणली, आजोबा, आजीला विचारलं की ती म्हणते आजोबांना विचार, आईला विचारलं की ती म्हणते आजोबांना विचार, म्हणून तुम्हालाच विचारते, तुम्ही आमच्याकडे येणार का?

सरळ प्रश्न हो. सात वर्षांच्या पोरीला जमला, आमाला दोघांना जमत नव्हता. आणि तुमाला सांगतो, माझ्या तोंडातनं काय निघावं? ते नट लोक मुलाखतीत म्हणत्यात ना, तेच निघालं. म्हणलो, "बोलणी चालू हायत बाळा, अजून काही ठरलेलं न्हाय."